तेवढं चालतं

"पट्टा लावा ना, कधीची पींपीं करतेय गाडी," गणिताच्या बाई म्हणाल्या. मी "हो हो" म्हणत पट्टा ओढला, जणू मला ते ऐकू येतच होतं आणि मी मुद्दाम कानाआड करत होतो. मेकॅनिक माणूस पट्टा लावत नाही हे जगजाहीर आहे, त्यामुळे खोटं पचलं. कडी बसली तसं समोरचं लाल चित्र विझलं. म्हणजे आवाजही थांबला असणार. बाई स्टिअरिंगवर होत्या आणि मी शेजारी. ज्याची गाडी त्यालाच चालवू द्यायची, ही माझी जुनी पद्धत. गाडी डॉक्टरसमोर आजार लपवते, घरच्या माणसासमोर लपवत नाही. बाईंनी अर्धा तास मला गावभर फिरवून गिअरबॉक्स चांगला गरम केला होता. आता चढ आला. "बघा हं," त्या म्हणाल्या, अचानक चाचणी घेणाऱ्या शिक्षिकेच्याच आवाजात. दुसरा गिअर सुटला. तिसरा पकडायला हवा होता, तो पकडलाच नाही. काटा सरकन वर गेला, इंजिन ओरडलं, आणि गाडी मात्र तिथल्या तिथे अधांतरी. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. मग धक्का देऊन गिअर बसला आणि गाडी पुढे गेली. "सहावी वेळ," बाई म्हणाल्या. "नेहमी तिसऱ्यालाच. नेहमी गरम झाल्यावरच. गार असताना एकदाही नाही." त्यांनी हे सगळं एका छोट्या वहीत तारीखवार लिहून आणलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आम्ही पूर्ण उघडून, आतलं सगळं रबर आणि सगळ्या प्लेटा नव्या घालून बंद केला होता. आम्ही म्हणजे आमचं गॅरेज.

पाचव्या वेळेचं त्यांनी परत येताना सांगितलं, समोर बघत, आवाज न चढवता. मोठ्या चौकात त्या निम्म्यात आल्या होत्या. डावीकडून ट्रक येत होता. गाडी नुसती ओरडत होती, हलत नव्हती. "ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून मी आज तुमच्याशी बोलतेय. तुमच्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, गाडी आजपासून माझ्याकडे ठेवा. त्या म्हणाल्या, "ठेवतेच आहे. गणित चुकलं की आम्ही आधी चुकलेली पायरी शोधतो, मुलाला बडवत नाही. निदान पहिल्या वेळी." त्या हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही. गाडीचा बिघाड मला अर्धा समजला होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी गाडीचा विचार करतच नव्हतो. इंजिनचं ओरडणं मला स्वच्छ ऐकू आलं होतं, टायरची घरघर, बाईंचा आवाज, मागच्या गाडीचा हॉर्न, सगळं. फक्त ती पींपीं आली नव्हती. कान लावून, श्वास रोखून, आता मुद्दाम पट्टा काढून पाहावा का, असं मनात येत होतं, आणि बाई शेजारी असल्यामुळे ते करता येत नव्हतं याचं मला बरंच वाटत होतं.

कारण ते नवीन नव्हतं. किटलीची शिट्टी वर्षापूर्वी गेली. थर्मामीटरची टिकटिक गेली. गॅरेजच्या मागच्या दाराची घंटी बिघडली म्हणून मी तिचे सेल दोनदा बदलले, आणि दुसऱ्यांदा बदलत असताना दाराबाहेर सामान घेऊन आलेला माणूस घंटीवर बोट दाबून उभाच होता. पक्ष्यांचं तर मी धरलंच नाही. आजकाल पक्षी कमी झालेत, असं सगळेच म्हणतात. माणूस स्वतःला इतकं बेमालूम फसवतो की दुसऱ्याला फसवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. जे खालचे, जाड आवाज, ते सगळे मला येतात. बेअरिंगची गुरगुर येते, गिअरचं दळण येतं. जातात ते वरचे, बारीक. आणि माझ्या धंद्यात एक बारीक आवाज असा आहे, की त्याच्याशिवाय मी म्हणजे नुसता पाने फिरवणारा हमाल.

तो आवाज समजावून सांगायला हवा. ऑटोमॅटिक बॉक्समध्ये गिअर माणूस टाकत नाही, तेल टाकतं. तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन प्लेटा आवळतो, प्लेटा आवळल्या की गिअर पकडतो. पिस्टनच्या कडेला ओठासारखी पातळ रबरी सील असते. ती दुमडली किंवा कातरली की तेल बगलेतून निसटतं. गार तेल घट्ट असतं, ते निभावून नेतं. गरम होऊन पातळ झालं की प्लेटा घसरतात आणि एखाद्या चौकात एखादी बाई मधोमध उभी राहते. म्हणून बॉक्स बंद करण्याआधी तेलाच्या वाटेनं हवा सोडून बघायची. पिस्टन उचलला की 'थप्' होतं आणि मागोमाग हवेचा सुसकारा येतो. थोडा सुसकारा प्रत्येक बॉक्सला असतोच, कारण आतल्या लोखंडी कड्या हवा पूर्ण धरत नाहीत. कुठला सुसकारा कड्यांचा आणि कुठला फाटक्या सीलचा, किती चालतो आणि कुठून पुढे चालत नाही, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते कानाला कळावं लागतं. माझ्या वस्तादांची रीत होती की हवा एकानं सोडायची आणि ऐकायचं दुसऱ्यानं; ऐकणारा ऐकतोय तोवर सोडणाऱ्यानं ब्र काढायचा नाही. काही न बोलता नुसती मान हलली की बॉक्स पास. वस्ताद गेले, त्यांचं गॅरेज गेलं, पण ही रीत मी तशीच उचलून आणली. तीस वर्षं मी मान हलवतोय. त्या मानेवर लोक विश्वास ठेवतात. दुसऱ्या गॅरेजवाले आपले बॉक्स घेऊन माझ्याकडे येतात, हवा सोडतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. माझा साडू, जो गॅरेजात अर्धा भागीदार आहे आणि पुढचं काउंटर सांभाळतो, तो मला कानसेन म्हणतो, आणि गिऱ्हाइकासमोर तर जरा जास्तच मोठ्यानं म्हणतो.

"काय म्हणतोय बॉक्स, कानसेन?" आम्ही आत शिरताच त्यानं विचारलं. मी म्हणालो, घसरतोय. त्याचा चेहरा पडला. बाईंना त्यानं रिक्षात बसवून दिलं, माफी मागितली, दार लावून दिलं. या गोष्टी त्याला जमतात. मी गाडी लिफ्टवर घेतली आणि बारकीला हाक मारली. बारकी माझी पुतणी. भाऊ गेला तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तेव्हापासून गॅरेजात आहे. आता सव्वीसची आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, तरी बारकीच. हात असा की बघत राहावं. पोरीनं पहिल्या महिन्यात बॉक्समधली एक चेंडूएवढी, दातेरी चाकांची जुडी खोलून परत जोडली होती, आणि एकही तुकडा उरला नव्हता. गेली चार वर्षं सील बसवायचं काम मी तिच्यावरच सोपवलंय, कारण माझी बोटं जाड झालीत. तिनं बसवायचं, मी ऐकायचं. बाईंच्या बॉक्सचं असंच झालं होतं.

"रिव्हर्स टाक," मी म्हणालो. तिनं टाकला. एक, दोन, आणि मग कुठे गाडी शहारली. दीड सेकंद उशीर. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तिसरा आणि रिव्हर्स. दोघांचा क्लच एकच, प्लेटा त्याच," ती म्हणाली. मी जे बोलणार होतो ते ती माझ्याआधी बोलली. याचा मला अभिमान वाटायला हवा होता आणि वाटलाही, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळलं. आम्ही तेल बघितलं. पातळी बरोबर, रंग जरा काळपट, जळका वास नुकता कुठे धरू लागलेला. मुख्य लायनीवर तेलाच्या दाबाचा गेज लावला, गरम असतानाच. काटा हवा तिथे, ठाम. म्हणजे पंप निर्दोष, फिल्टर निर्दोष. एकेक संशयित आम्ही सोडून देत होतो, आणि दर वेळी एक सुटला की उरलेल्यांची जागा अरुंद होत होती. मला घाम आला होता. बारकीला वाटलं सायलेन्सर गरम आहे म्हणून. तिनं पंखा माझ्याकडे वळवला.

साडू मागे येऊन उभा राहिला होता ते मला तो बोलेपर्यंत कळलं नाही. "म्हणजे सील?" त्यानं विचारलं. "बहुतेक," मी म्हणालो. "बसवली कुणी?" आता हा प्रश्न साधा होता. त्याला उत्तर माहीत होतं. गॅरेजात माणसं आहेतच किती? मी म्हणालो, "बारकीनं." खरं तेच बोललो. खोटं एक अक्षर नाही. त्यानं मान डोलावली, "मग झालं," म्हणाला, आणि काउंटरकडे गेला. बसवणाऱ्याचं नाव सांगितल्यावर तपासणाऱ्याचंही सांगायचं असतं, हे मला तेव्हाच कळत होतं. साडूच्या मनात कधीपासून आहे की बारकीला काउंटरवर बसवावं, फोन घ्यावेत, आणि मागे एक अनुभवी गडी आणावा. त्याच्या ओळखीत आहेही एक. मी आजवर आडवा पडत आलो. आता स्वतःला वाचवायचं तर मला काही करायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की पुरे. पोरगी बॉक्सखालून सरकून आली, तिच्या गालावर तेलाची रेघ होती, आणि ती मला म्हणाली, "काका, माझ्या हातून गेलं असेल का हो?" मी म्हणालो, "बघू उघडल्यावर." मी असा कधीपासून झालो?

घरी गेलो. अजून उजेड होता. बायको खिडकीशी बसून उशीचे अभ्रे शिवत होती. मला पाहून ती उठली, समोर येऊन उभी राहिली आणि मग म्हणाली, "लवकर आलात?" मी हो म्हणालो आणि एकदम माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने ती अशीच समोर येऊन बोलते. पूर्वी ती आतून बोलायची, पाण्याच्या आवाजावरून बोलायची, भिंतीपलीकडून बोलायची. अर्धा संसार आम्ही एकमेकांना न बघता केला. ते कधी बंद झालं? भांडण नाही, तंडण नाही. तिनं मला काही न सांगता घरातली बोलण्याची रीतच बदलून टाकली, आणि मला वाटत राहिलं, वय झालं तशी ही प्रेमळ झालीय. मी हातपाय धुतले. नळ चालू होता, हात पाण्याखाली होते, आणि मी उगाच हातांकडे बघत राहिलो. गेलं वर्षभर मी या हातांनीच ऐकतोय. ड्रमवर, म्हणजे पिस्टन आणि प्लेटा ज्या भांड्यात बसतात त्यावर, तळवा ठेवायचा, 'थप्' तळव्यात येतं. थप् दणदणीत आलं की मी मान हलवायचो. सुसकारा तळव्यात येत नाही. तो हवेत असतो, आणि हवेतून तो माझ्यापर्यंत येत नव्हता. एवढं सरळ. आणि हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कुणाच्या तोंडावर म्हणू शकलो असतो, पण नळाखाली हात धरून म्हणता येईना.

बायकोनं मागच्या साली मला कान तपासायला पाठवलं होतं. काचेची एक खोली असते, त्यात आपल्याला बसवतात, कानावर टोप्या घालतात आणि हातात एक बटण देतात. आवाज आला की दाबायचं. बाहेर एक मुलगी यंत्रावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. पहिले पाचसहा आवाज आले. मग शांत. मी बसलो वाट बघत. मग मला दिसलं की काचेत त्या मुलीचं कोपर दिसतंय, आणि दर वेळी ती काही दाबते तेव्हा ते कोपर जरासं हलतं. पुढचं मी सांगायला नको. कोपर हललं की बटण. मधूनमधून दोनचार मुद्दाम सोडले, शंका येऊ नये म्हणून. इतकी अक्कल मी कामात लावली असती तर! मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या वयाला छानच आहेत की कान." बायकोनं तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला, मुलाचा निकाल चिकटवावा तसा. तो अजून तिथेच आहे. मी कपडे काढायला कपाट उघडतो तेव्हा रोज तो माझ्या नाकासमोर येतो. मी त्या दिवशी जिन्यावरून उतरताना मनात म्हणत होतो, फसवलं की नाही. कुणाला फसवलं हे विचारायला मी थांबलो नाही. भीतीच इतकी वाटत होती. मी दुसरं काही शिकलो नाही. मला हिशेब येत नाही, गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही, बोटं जाड झाली. कान गेला तर मी कोण? गॅरेजात एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसलेला म्हातारा, ज्याला लोक "काका, चहा घेतला का?" असं ओरडून विचारतात.

"जेवता ना?" बायको समोर येऊन म्हणाली. तिच्याशी बोलावं असं फार वाटलं. ती वाट बघत उभी होती, माझ्या मते ती वर्षभर वाट बघत उभी होती. मी म्हणालो, "बाईंचा बॉक्स घसरतोय." ती म्हणाली, "मग उघडा." इतकंच. बायकांना कधीकधी वाटतं की जगात सगळं उघडण्यानं सुटतं. मी ताटावर बसलो आणि जेवलो, कशाला चव होती ते आठवत नाही.

सकाळी बारकी माझ्याआधी आली होती. खालचं झाकण उतरवून, तेल काढून, तेलाच्या वाटा जिथे उघड्या पडतात तिथपर्यंत तिनं सगळं मोकळं केलं होतं. आतल्या छोट्या गोळ्या, ज्या तेलाला इकडे जा तिकडे जा सांगतात, त्या सगळ्या जागच्या जागी होत्या. तिनं त्या पांढऱ्या फडक्यावर नकाशासारख्या मांडून ठेवल्या होत्या, आणि शेवटचा संशयितही सुटला होता. "हवा सोडू?" तिनं विचारलं. मी बॉक्सच्या पोटाला तळवा लावला. तिनं हवेच्या गनचं टोक तिसऱ्याच्या भोकावर धरलं आणि सोडली. थप्. भरदार, गोल, तळव्यात आलेलं. त्यानंतर माझ्यासाठी काही नव्हतं. गॅरेजातला पंखा, रस्त्यावरची रहदारी, माझ्या स्वतःच्या रक्ताची धडधड. आणि त्या सगळ्यावर एक गुळगुळीत, कापूस भरल्यासारखी शांतता, जिच्यात एखादी गोष्ट फुसफुसत असेल किंवा नसेलही. मी बारकीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिनं हवा सोडतच ठेवली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, कारण रीतच तशी होती; तिनं काही दाखवायचं नसतं. मी तिच्या डोळ्यांत शोधलं, ओठांत शोधलं, तिचं कोपरसुद्धा बघितलं. मग मी सावकाश, एखादा मोठा निर्णय घेतल्यासारखा म्हणालो, "उतरवू बॉक्स." "हो," ती म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलं असं मला दिसलं, पण मी त्याचा अर्थ चुकीचा लावला.

दुपारपर्यंत बॉक्स टेबलावर होता आणि तिसऱ्याचा ड्रम उघडा. पिस्टन काढला. आतल्या सीलचा ओठ एके ठिकाणी, नखाच्या लांबीएवढा, आत दुमडला होता आणि दुमडलेल्या जागी कातरला होता. प्लेटा कडेनं काळ्या पडायला लागल्या होत्या. ते बघून मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. दोष हातात धरता आला, तो दिसत होता, तो ऐकावा लागत नव्हता. साडू आला, त्यानं सील बोटावर घेतली, उजेडात धरली. "बघितलंत? पोरीचा हात," तो मला म्हणाला, ती तिथेच असताना. "मी काय म्हणत होतो? हे काम दांडग्या अनुभवाचं आहे. हिला पुढे बसू दे, सगळ्यांच्याच जिवाला शांती." बारकीचे कान लाल झाले. "माझ्याच हातून झालंय," ती म्हणाली. "घालताना ओठ आत गेला असणार. मला कळलं नाही." ती रडली वगैरे नाही, तिचं नाक तेवढं पांढरं पडलं, तिच्या बापाचं पडायचं तसं. मी फडक्यानं हात पुसत होतो. स्वच्छ हात पुसत होतो. भाऊ असता तर त्यानं मला एकच शिवी दिली असती, आणि ती बरोबर लागली असती. "सोमवारपासून बघू," साडू म्हणाला आणि फोन वाजला म्हणून गेला. फोन वाजला हे मला तो वळला त्यावरून कळलं.

ती नवी सील घेऊन बसली. पातळ तार घेऊन, व्हॅसलीन लावून, ओठ गोलाकार आत सारत, बोटभर बोटभर. मी समोर उभा राहून बघत होतो. सोमवारपासून हे हात फोन उचलणार होते. मला वाटलं, आपण आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही, कारण एकदा ती पुढे गेली की माझ्या गुन्ह्यावर तिचं नाव पक्कं होईल आणि मी त्या नावाच्या आड आरामात म्हातारा होईन. आणि हे मला शक्य आहे, याचीच मला जास्त भीती वाटली. तिनं पिस्टन बसवला, प्लेटा रचल्या, कडी घातली, ड्रम जागेवर ठेवला. गन उचलली. मी तळवा लावला नाही. हात मागे बांधून उभा राहिलो. तिनं हवा सोडली. थप् आता तळव्यातही नव्हतं, टेबलाच्या लाकडातून माझ्या पायांपर्यंत कसंबसं आलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान हलवली नाही.

"परत सोडू?" तिनं विचारलं.

"नको. सुसकारतंय का?"

तिला प्रश्न कळला नाही. या प्रश्नाला आमच्याकडे जागाच नव्हती. "ते तुम्ही सांगायचं ना," ती म्हणाली.

"आज तू सांग."

"आहे जरा. कड्यांचं आहे हे. एकदम थोडं."

"आणि मागच्या वेळी? तीन आठवड्यांपूर्वी, इथेच, या टेबलावर?"

तिनं गन खाली केली. "मागच्या वेळी बरंच होतं," ती म्हणाली. "आज सकाळीही होतं. सकाळी तुम्ही उतरवू म्हणालात तेव्हा मला वाटलं, चला, म्हणजे मला वाटत होतं ते बरोबर आहे. पण मागच्या वेळी तुम्ही मान हलवलीत."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार, काका? तुमचा कान आणि माझा कान! आधी आधी मला वाटायचं, एवढं कसं चालेल. पण तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवायचात, आणि गाड्या जायच्या, आणि परत यायच्या नाहीत. मग मी तुमच्यावरून माझा कान लावून घेतला. एवढं आलं तरी तेवढं चालतं. वर्षभरात पक्कं बसलंय डोक्यात. हे चालतं, हे चालतं, हे नाही. शिकलेच ना मी." शेवटचं वाक्य ती जराशी अभिमानानंच म्हणाली.

मी स्टूल ओढलं आणि बसलो. मी रात्रभर जे मोजत होतो त्यात माझा कान होता, माझं नाव होतं, फार तर तिचं नाव होतं. हे त्यात नव्हतं. मला वाटत होतं मी काहीतरी लपवतोय. मी तर शिकवत होतो. रोज, टेबलापाशी, मान हलवून. एका चांगल्या, तरण्या कानात मी माझा बहिरेपणा थेंब थेंब ओतला होता आणि तिनं तो विद्या म्हणून घेतला होता. "बारके," मी म्हणालो, "मला ते ऐकू आलं नव्हतं."

"कुठलं?"

"कुठलंच. मला सुसकारा ऐकूच येत नाही. वर्ष झालं. जास्तच झालं असेल. मी नुसता हात लावत होतो." मग एवढं आलंच म्हणून उरलेलंही आलं. "सील तुझ्या हातून दुमडली, ते होतं, कुणाच्याही हातून होतं, त्यासाठीच हवा सोडून बघतात. ती मी पकडायची होती. मी सोडली. हे मी आता पुढे जाऊन साडूला सांगतो, आणि बाईंनाही सांगतो. काउंटरवर बसायचंच असेल तर मी बसेन."

मला वाटलं होतं ती माझ्याजवळ येईल, किंवा चिडेल, किंवा म्हणेल, काका, मला माहीत होतं. यातलं काही झालं नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती गनच्या टोकाकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर एक आठी हळूहळू खोल होत होती, बेरीज करताना पडते तशी. मला तापानं धरलं होतं ते चार दिवस आता मलाही आठवले. उन्हाळ्यात मी घरी पडून होतो आणि साडू कौतुकानं फोनवर म्हणाला होता, पोरगी एकटी सांभाळतेय, बॉक्स बनवतेही आणि पासही करतेय. आणि त्यानंतर, मला बरं वाटल्यावरही, मी कितीतरी वेळा लांबूनच म्हणालो होतो, तूच ऐक गं, तुला येतंय आता.

ती वळली आणि भिंतीकडे गेली, जिथे केलेल्या कामांचा फळा टांगलेला असतो. फळ्यावर बोट ठेवून ती काहीतरी बोलू लागली. तिची पाठ माझ्याकडे होती. मला आवाज येत होता, शब्द सुट्टे होत नव्हते. बोट खाली सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. एक शाळेची व्हॅन होती, एवढं मला लागलं, कारण तिथे तिचा आवाज फुटला.

"इकडे तोंड करून सांग," मी म्हणालो. "आणि पहिल्यापासून सांग. एकही सोडू नको."